आंबील रात्रभर आंबवलेलीच हवी, की ताकाची चालेल?

खानापूरकर: बेळगाव भागात उन्हातून फिरत आलेल्या पाहुण्यापुढे तांब्याभर आंबील येते. पण पीठ शिजवायचं, वरून ताक ओतायचं आणि 'पारंपरिक आंबील' म्हणायचं, हे मला पटत नाही. ती ताकातली पेज झाली. आंबायला पीठच हवं. एक वाटी नाचणीचं पीठ, सव्वा वाटी पाणी, चमचाभर आंबट ताक, रात्रभर झाकून. सकाळी वर पाणी निवळतं, ढवळलं की बारीक बुडबुडे येतात. पाच वाट्या पाणी मीठ घालून उकळायचं, त्यात हे पीठ बारीक धारेनं सोडायचं. हात थांबला की गुठळ्या झाल्याच. मंद आचेवर आठ-दहा मिनिटांत कच्चा वास जातो, रंग गडद होऊन चकाकी येते.

अथणीकर: 'रात्रभर' हे माप कुठलं? आमच्याकडे ज्वारीची अंबली. एप्रिलच्या उन्हाळ्यात पीठ सहा-सात तासांत आंबतं. जास्त राहिलं की कुबट वास मारतं. तुमच्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात त्यालाच दीड दिवस लागेल. आणि पाहुणा सांगून येतो का? ताकही आंबलेलंच असतं. त्याला फसवणूक म्हणू नका.

खानापूरकर: फसवणूक म्हटलं नाही, आंबील म्हणू नका म्हटलं. पीठ आंबलं की नाचणीतलं लोह अंगी लागायला मदत होते. वरून ताक ओतून ते होत नाही. शिवाय आंबवलेलं पीठ नंतर उकळतं. ताकात न उकळलेलं पाणी असेल, तर परगावच्या माणसाचं पोट बिघडतं.

निपाणीकर: पाण्याचा मुद्दा खरा. ताक दोन्हीकडे लागतंच, म्हणून ते उकळून गार केलेल्या पाण्यात घुसळा. आंबील कोमट झाल्यावरच घाला, गरमात फुटतं. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं नको, आंबट कळकतं. पिठावर गुलाबी किंवा काळी बुरशी दिसली तर वरची काढून वापरू नका, सगळं टाका.

आणखी एक. काही पाहुणे 'गावठी' मागतात. कर्नाटकात 2007 पासून साराय या देशी दारूवर बंदी आहे. हातभट्टीत मिथेनॉल असेल तर ते ना वासावरून कळतं, ना पेटवून. कुणाच्या घरी मागूच नये. काजूच्या बोंडांची दारू, हुर्राक, चोर्ला घाट उतरून गोव्यात प्या, तिथला कायदा वेगळा.

अथणीकर: गावठीबद्दल एकमत. ताकाबद्दल नाही! यल्लम्माच्या नैवेद्याला रात्रीची आंबवलेली करा. दुपारी दारात आलेल्याला ताकाची, ठेचलेला लसूण-जिरं घालून, कांद्यासोबत द्या. त्याला तहानेलं बसवून पीठ आंबायची वाट बघायची का?