बैठं काम करणाऱ्या बायकांसाठी नाचाचा व्यायाम: बॅच कशी आखावी?

चाफा:
ऑफिसातल्या पस्तिशी ते पन्नाशीच्या बारा जणींसाठी आठवड्यातून तीन संध्याकाळी पाऊण तास नाचाचा व्यायाम सुरू करतोय. काम सगळ्यांचंच आठ-नऊ तास खुर्चीत. हॉलला गुळगुळीत फरशी. गुडघे सांभाळून वेळ कसा वाटावा? आणि वजन सोडून फरक कशात बघावा?

तिहाई:
आधी 10 मिनिटं जागच्या जागी पावलं. घोटे, कंबर, खांदे मोकळे करा. मग 25 मिनिटं नाच आणि शेवटी 10 मिनिटं वेग उतरवत ताण. जांघेचा ताण तर चुकवूच नका. बसून बसून तिथले स्नायू आखडतात आणि मग कंबर धरते.

पहिला महिना उड्या नकोत, एक पाय कायम जमिनीवर. नाचताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग ठेवा.

गुडघा दुखावतो तो बहुतेक गिरकीत. रबरी तळ फरशीला धरून राहतो, अंग फिरतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. म्हणून आधी टाच उचला, चवड्यावर फिरा. गुडघा आणि पायाचा अंगठा एकाच दिशेला हवेत. नुसते मोजे घालून तर अजिबात नको, पाय सटकतो.

झिम्मा, लेझीमची पावलं जरूर घ्या, बहुतेकींना ती आधीपासून येतात. बसफुगडी मात्र टाळा. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यावर उसळ्या मारायच्या म्हणजे दुखणं ओढवून घेणं.

रानवाट:
फरक मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ ही 26 प्रश्नांची प्रश्नावली वापरा. ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. सुरुवातीला आणि 12 आठवड्यांनी भरून घ्या, फक्त ऐन मार्चएंडला नको. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि परिसर या चार भागांचे गुण वेगवेगळे काढा. घर, पैसा, प्रवास हे परिसरात येतं. ते नाचाने बदलणार नाही. झोप, उत्साह, मनःस्थिती यांतला फरक शारीरिक आणि मानसिक भागांत बघा. वेदना, औषधोपचाराची गरज आणि उदास वाटणं या तीन प्रश्नांचे गुण उलटे धरायचे. हे विसरलं तर सगळा हिशेब चुकतो.

चाफा:
दोन-तीन आठवड्यांत गळती लागते म्हणतात, ते कशामुळे?

तिहाई:
हात-पाय एकदम शिकवल्यामुळे. आधी नुसते पाय, आठ मात्रांचा तुकडा चार वेळा, मग हात. आठवड्याला एकच नवं गाणं.

शमी:
आणखी एक कारण आहे, ते कुणी उघड बोलत नाही. उडी मारली की थोडी लघवी होते, मग बाई गुपचूप यायची थांबते. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मोकळेपणाने सांगा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेऊन बळकट करता येतात. तोवर उडीऐवजी बाजूचं पाऊल, श्वास रोखायचा नाही.

कुणाला लवकर धाप लागत असेल तर 'स्टॅमिना नाही' म्हणून सोडू नका, हिमोग्लोबिन तपासा. 12 च्या खाली असेल तर आधी डॉक्टर. नाचताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबवा.