मदत हवी आहे : जीपीएस ट्रॅकर सर्व्हरवर ‘ऑफलाइन’च दिसतो

धडपड्या: संगणकावर ट्रॅकार (गाडी नकाशावर दाखवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर चालू आहे, आयएमईआय (डिव्हाइसचा ओळख क्रमांक) टाकून डिव्हाइस नोंदवलं, तरी स्टेटस ऑफलाइनच. टर्मिनलवर एटी ही तपासणीची आज्ञा टाकली की ओके येतं, मग थोड्याच वेळात सिमचं मॉड्यूल गप्प. सिममध्ये डेटा आहे. उद्या गाडीत बसवायचाय, लवकर सांगा.

सर्किटवाला: मॉड्यूल कोणतं? सप्लाय कुठून दिलाय? दिवा कसा लुकलुकतोय? हे कळल्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार.

माळरान: सिमच्या भानगडीत पडूच नका, लोरा (सिमशिवाय, आपल्याच रिसीव्हरवर चालणारा रेडिओ) घ्या. रिचार्ज नाही, बॅटरीही जास्त टिकते.

अँटेना: @माळरान, गाडी रिसीव्हरच्या टप्प्याबाहेर गेली की लोराचा काय उपयोग? कुरणातल्या गुरांना ठीक आहे. गाडीला सिमच हवं.

धडपड्या: सिमसाठी सिम८००एल आणि जीपीएससाठी निओ-६एम. सप्लाय यूएसबी-टीटीएल बोर्डाच्या (मॉड्यूल संगणकाला जोडणाऱ्या) ३.३ व्होल्ट पिनवरून. दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो, काही वेळाने विझतो, की परत पहिल्यापासून सुरू.

सर्किटवाला: दुखणं सप्लायचं आहे. सिम८००एलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि नेटवर्क शोधताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. बोर्डावर एफटी२३२ चिप असेल तर ती पिन जेमतेम ५० मिलिअँपिअर देते. व्होल्टेज कोसळतं आणि मॉड्यूल रीसेट होतं.

एलएम२५९६ बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा बोर्ड) घ्या. मॉड्यूल जोडायच्या आधी मल्टिमीटर लावून, स्क्रू फिरवत आउटपुट ४.० व्होल्टवर आणा. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मॉड्यूलच्या पिनांना अगदी चिकटून लावा, लांब वायरीवर नको. ग्राउंड सगळ्यांचं एकच, नाहीतर टर्मिनलवर कचरा उमटेल. मग एटी+सीआरईजी? विचारा. ०,१ किंवा ०,५ आलं तर नेटवर्क मिळालं आणि दिवा ३ सेकंदांनी एकदा लुकलुकेल. ०,२ म्हणजे अजून शोधतंय, ०,३ म्हणजे नेटवर्कने नाकारलंय.

जुगाडू: एवढं कशाला? यूएसबीच्या ५ व्होल्टच्या वाटेत १एन४००७ डायोड टाका. ०.७ उतरतात, ४.३ मिळाले.

सर्किटवाला: नको. करंट अगदी कमी असताना ०.७ सुद्धा उतरत नाहीत, मॉड्यूलला ४.४ च्या वर जातात. २ अँपिअरला व्होल्टभर उतरतं. शिवाय यूएसबी २.० पोर्टच ५०० मिलिअँपिअरचं.

अँटेना: आणि हे मॉड्यूल फक्त २जीवर चालतं. सिमच्या कंपनीचं २जी नसेल तर सप्लाय सुधारूनही काही होणार नाही. सर्व्हरचा पत्ता काय दिलाय?

धडपड्या: १९२.१६८.१.५, पोर्ट ५०५५. माझ्या फोनवर नीट उघडतं.

अँटेना: वायफायवर असाल म्हणून. तो पत्ता घराच्या नेटवर्कबाहेर चालतच नाही. राउटरवर ५०५५ संगणकाकडे फॉरवर्ड करा. इंटरनेटवाले एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटत असतील तर तेही फुकट, मग भाड्याचा छोटा सर्व्हर घ्या. तपासायला फोनचं वायफाय बंद करा, ब्राउझरमध्ये पत्त्यापुढे आयडी, लॅट (अक्षांश), लॉन (रेखांश) टाकून उघडा. नकाशावर ठिपका आला की सर्व्हरकडून प्रश्न मिटला.

नकाशे: जिओफेन्सची (गाडी ओलांडून गेली की अलर्ट देणारं नकाशावरचं वर्तुळ) त्रिज्या १०० मीटरच्या खाली ठेवू नका. उभ्या गाडीचाही ठिपका सरकतो, रात्रभर अलर्ट येत राहतात.

धडपड्या: जिओफेन्सचं नंतर बघू. बक लावला, ०,१ आलं. भाड्याच्या सर्व्हरवर ऑनलाइनही दिसतंय. सध्या जीपीएसची ओळ वाचून लॅट-लॉन हातानेच टाकतोय, तर ठिपका वीसेक किलोमीटर बाजूला पडतो. अँटेना बदलू?

सर्किटवाला: अँटेनाला हात लावू नका. जीपीएस मॉड्यूल पाठवतं त्या जीपीआरएमसी ओळीतलं १२३०.०० म्हणजे १२ अंश ३० मिनिटं, १२.३० अंश नव्हे. मिनिटांना ६०ने भागून अंशांत मिळवा, म्हणजे १२.५. पुढे हेच गणित अर्डुइनो नॅनोवर (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) करणार असाल तर फ्लोट (दशांश संख्येचा प्रकार) वापरू नका. त्यात सहा-सातच अंक धड राहतात आणि ठिपका काही मीटर उड्या मारतो. अंश आणि मिनिटं वेगवेगळ्या लाँग पूर्णांकांत ठेवा.