'मलेरिया तोच, औषध तेच' म्हणणाऱ्या स्पष्टवक्त्यांना

काचपट्टी:
मध्य प्रदेशातल्या अलीराजपूरकडच्या एका पोराचा मलेरिया डोक्यात गेला, ती बातमी परवा इथे कुणीतरी टाकली. त्याखाली स्पष्टवक्ता यांचं प्रवचन: "मलेरिया तोच, औषध तेच. एक पोर चार दिवसांत उड्या मारतं, दुसरं बेशुद्ध पडतं, म्हणजे दुसऱ्याच्या आईचं लक्ष नव्हतं. जंतूचे जीन वगैरे सगळे ग्रँट खायचे धंदे." खाली लाइकच्या अंगठ्यांची माळ. आयांना नावं ठेवायची म्हटली की आपल्याकडे कुणाला पुरावा लागत नाही.

माझी सगळी नोकरी रक्ताच्या काचपट्ट्या मायक्रोस्कोपखाली वाचण्यात गेली. पीएफची, म्हणजे फाल्सिपेरम या घातक मलेरियाची, पट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल: बोटाच्या रक्तात दिसतात त्या नाजूक रिंगा, कधी एकाच पेशीत दोन, कधी अगदी पेशीच्या कडेला चिकटलेल्या, आणि उशिरा आलेल्या पेशंटमध्ये चंद्रकोरी. मधल्या वयाचे थोराड परजीवी जवळजवळ दिसतच नाहीत. ते आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसलेले असतात, मेंदूतल्यासुद्धा. म्हणून पट्टीवर मोजक्या रिंगा आणि इकडे पोराला झटके, असं होतं.

हे चिकटणं ज्याच्या जोरावर चालतं ते परजीवीचं प्रथिन म्हणजे पीएफईएमपी-वन. ते बनवणारे 'व्हार' नावाचे जीन एकेका परजीवीत साठेक, आणि एका वेळी त्यातला एकच चालू. कुठला चालू आहे त्यावर तो कुठे चिकटणार ते ठरतं. टांझानियात गंभीर आजारी मुलांच्या परजीवींत ठरावीक जातीचे व्हार जास्त चालू सापडले, आणि २०१३ साली कळलं की ते रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या ईपीसीआर या प्रथिनाला चिकटतात. गुठळ्या आणि सूज आटोक्यात ठेवणारी जागाच अडवायची, म्हणजे मेंदूत काय होणार ते वेगळं सांगायला नको. आता स्पष्टवक्ते, कुठला व्हार चालू करायचा हे त्या आईने परजीवीला कोणत्या भाषेत सांगायचं होतं, भिलीत की हिंदीत?

देवासनाका:
ताई, आईला दोष देणं चूकच. पण तुम्ही पार दुसरं टोक गाठलंत. मी त्या भागात पुष्कळ फिरलोय. फलियापर्यंत, म्हणजे पाड्यापर्यंत, रस्ता नाही, पावसात नाला भरलेला, आधी बडवा (तिकडचा भगत), मग झोलाछाप डॉक्टरची सलाईनची बाटली, आणि सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत पोर थंड पडलेलं. तिथे तुमचा व्हार काय नि फार काय! मुलं कशाने वाचली ते बघा. २०१० ची आफ्रिकेतली चाचणी: गंभीर मलेरियाची ५,४२५ मुलं, जुन्या क्विनाइनवर १०.९ टक्के गेली, आर्टेसुनेटच्या इंजेक्शनवर ८.५. इंजेक्शन टोचताना कुणी व्हार विचारला नव्हता.

शंकासुर:
काकू, एक सांगा. एकाच खाटेवर झोपणारी दोन भावंडं, एकाला नुसता ताप, दुसरं कोमात. डास तोच, जंतू तोच. मग फरक मुलातच झाला ना? भिलांमध्ये सिकल सेल आहे. ज्याला सिकलचा एकच जीन मिळाला त्याला गंभीर मलेरिया फारसा होत नाही, हे शास्त्रज्ञ ॲलिसनने १९५४ साली सांगून ठेवलंय. परजीवीचं एवढं कौतुक कशाला?

काचपट्टी:
डास तोच म्हणून जंतू तोच? डासाच्या पोटातच तर त्यांचे नर-मादी भेटतात आणि जीनची फेरवाटणी होते. एकाच डासाने दोन पोरांना दोन वेगळे वाण टोचले असं सहज होऊ शकतं. अगदी एकच वाण असला तरी व्हार बदलत राहतो.

सिकल तुम्हीच काढलंत, तर पुढचं ऐका. गांबिया आणि केनियातल्या ३,३४६ गंभीर मुलांचा अभ्यास २०२१ च्या शेवटी आला. त्यात मुलाचे जीन पाहिले आणि त्याच्याच रक्तातल्या परजीवीचेही. सिकलचं कवच असूनही जी मुलं गंभीर झाली, त्यांच्यात जवळजवळ सगळीकडे परजीवी एका ठरावीक घडणीचेच निघाले. कवच मुलात आहे हे खरं, पण ते चुकवणाराही आहे. हे तिकडचं झालं, आपल्या अलीराजपूर-झाबुआच्या नावावर मी खपवत नाही.

सौ_लोकमान्यनगर:
तुमचं जीन-पुराण चालू द्या. माझ्या भाचीच्या लेकाला इथेच, इंदुरात, ताप आला. एका लॅबचा रिपोर्ट: मलेरिया कार्ड (रक्ताचा थेंब टाकून रेघ बघायची झटपट चाचणी) निगेटिव्ह, टायफॉइडची विडाल चाचणी पॉझिटिव्ह. झालं, टायफॉइडची औषधं सुरू. त्यात सासूबाईंचा पपईच्या पानांचा रस. पोर पिवळं पडलं तेव्हा एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी पट्टी बघायला लावली, तर पीएफ! त्यांनी आग्रह धरला नसता तर काय झालं असतं, विचारही करवत नाही.

खमंग_पोहे:
विडालवर बंदी घाला भिया! या शहरात ताप आला की टायफॉइड आणि मलेरिया जोडीनेच पॉझिटिव्ह, पोहे-जलेबीसारखे. आणि कार्ड म्हणजे लॅबवाल्यांचा आळस. दोन थेंब टाकले, रेघ पाहिली, पैसे घेतले. मायक्रोस्कोपला डोळा लावायला कुणाला वेळ आहे?

देवासनाका:
विडालचं बरोबर आहे, मलेरियातही तो उगाच पॉझिटिव्ह येतो. पण कार्डाला हात लावू नका. आशा दीदीच्या पिशवीत कार्ड आहे म्हणून फलियात त्याच दिवशी गोळी सुरू होते. आधी पट्टी तालुक्याला जायची आणि रिपोर्ट यायचा तेव्हा पेशंट एक तर बरा झालेला किंवा गेलेला.

खमंग_पोहे:
मी इंदूरचं बोलतोय, तुम्ही फलियात पोचलात.

देवासनाका:
मूळ बातमी फलियातलीच होती, साहेब. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता मायक्रोस्कोपच्या गप्पा मारायला काय जातं?

खमंग_पोहे:
आणि तुम्ही काय, सरकारी जीपमधून गरिबी बघून आलात तेवढंच ना?

काचपट्टी:
भांडा, पण दोघंही माझ्याच दारात येऊन भांडताय. आपल्याकडचं कार्ड पीएफला पकडतं ते परजीवीच्या एचआरपी-टू या प्रथिनावरून. त्याचा जीनच गाळून टाकलेले पीएफ आहेत! आधी २०१० मध्ये पेरूतले उजेडात आले, आणि एरिट्रियात तर इतके वाढले की त्या देशाला २०१६ मध्ये कार्ड बदलावं लागलं. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संस्थेच्या लोकांना आपल्या देशातही थोडे सापडलेत. लोकमान्यनगर ताईंच्या नातवाला तसलाच होता असं म्हणत नाही. उन्हात तापलेलं कार्ड, रक्तात परजीवी कमी, कारणं पुष्कळ असतात. पण 'जंतू तोच' हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

स्पष्टवक्ता:
माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. बरं, मान्य, तुमचा जंतू बहुरूपी आहे. पण सरकारी मच्छरदाणीत मासे धरणारे मी डोळ्यांनी पाहिलेत, त्याला कुठला व्हार जबाबदार? आणि आता लस आलीच आहे, पुण्यातच बनते. टोचा आणि विषय संपवा.

सौ_लोकमान्यनगर:
स्वच्छतेत नंबर वन शहरात तुमच्या गच्चीवरच्या टाकीला झाकण आहे का ते आधी बघा, मग मासे मोजा.

काचपट्टी:
लसीचंच घ्या मग. पुण्यात बनते ती आर-ट्वेंटीवन, तिच्या आधीची आरटीएस-एस. टोचलेल्या मुलांना पुढे मलेरिया झाला तेव्हा त्यांच्यातल्या परजीवींचे जीन वाचून पाहिले, २०१५ चा अभ्यास. पाच ते सतरा महिन्यांच्या वयात टोचलेली मुलं, पहिलं वर्ष: परजीवीचं प्रथिन लसीतल्याशी जुळणारं असेल तर संरक्षण ५०.३ टक्के, न जुळणारं असेल तर ३३.४. लस तीच होती हो, स्पष्टवक्ते.

देवासनाका:
लसीचा आकडा मी खोडत नाही. कुठल्या भागात कुठला परजीवी फिरतोय ते पाहायला हवं, एवढं लिहून घ्या माझ्याकडून. पण पैसे एकाच गोष्टीला असतील तर मी आधी सीएचसीत (सरकारी सामुदायिक आरोग्य केंद्रात) आर्टेसुनेट आणि रात्री चालणारी गाडी मागेन. जीन वाचणारं मशीन नंतर.

काचपट्टी:
मशीन मी मागितलंच कुठे? आईच्या डोक्यावरचं खापर तेवढं उतरवा म्हटलं.

स्पष्टवक्ता:
उतरवलं. आता मच्छरदाणीचं बोला.

खमंग_पोहे:
ते राहू द्या हो. मावशी, माझ्या पुतणीला कालपासून हुडहुडी भरून ताप येतोय, मागच्या आठवड्यात ती आलीराजपूरला लग्नाला गेली होती. कार्ड निगेटिव्ह. पट्टी करायची का?

काचपट्टी:
आजच. एक जाड थेंब, एक पातळ, दोन्ही. ताप उतरायची वाट बघू नका. निगेटिव्ह आली तरी बारा तासांनी परत. सुस्त झाली, खायला-प्यायला नको म्हणाली किंवा झटका आला तर पट्टीच्या नादी न लागता सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. आणि विडाल करून आणलात तर मी रिपोर्ट बघणार नाही.