ई-कॉमर्स तंत्रज्ञानाच्या पदवीत जमाखर्च सक्तीचा असावा का?

कर्वेनगरचा शिक्षक (धागाकर्ता)

आमच्या महाविद्यालयात ई-कॉमर्स तंत्रज्ञान या विषयाची तीन वर्षांची पदवी सुरू करण्याचा विचार चालू आहे. मसुद्यात प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, वेब तंत्रज्ञान आणि डिजिटल मार्केटिंग सक्तीचे आहेत, तर जमाखर्च आणि व्यापारी कायदा ऐच्छिक ठेवले आहेत. मला ही मांडणी चुकीची वाटते. परत आलेल्या एका ऑर्डरचा हिशेब ज्याला शेवटपर्यंत लावता येत नाही, त्याला या विषयाची पदवी देऊ नये, असे माझे मत आहे.

साधे उदाहरण घेतो. विक्रेत्याने 3,000 रुपयांचा मिक्सर ऑनलाइन बाजारमंचावरून विकला. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 540 रुपये, धरून ग्राहकाने 3,540 रुपये भरले. मंचाचे कमिशन 10 टक्के मानले, तर 300 रुपये आणि त्यावरील जीएसटी 54 रुपये कापले गेले. शिवाय मंचाने सरकारसाठी गोळा करायचा टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच कापला जाणारा कर, अर्ध्या टक्क्याने 15 रुपये झाला. प्राप्तिकराची कपात आणि पोहोचवण्याचा खर्च बाजूला ठेवला, तरी विक्रेत्याच्या हाती 3,171 रुपये येतात. आता तोच मिक्सर पुढच्या महिन्यात परत आला, तर क्रेडिट नोट, म्हणजे मूळ बिलाची रक्कम कमी करणारा कागद, कोणी काढायची, कमिशन परत मिळणार का, टीसीएस कोणत्या महिन्याच्या विवरणात वजा होणार आणि खोके फुटलेले असल्यास तो माल साठ्यात कोणत्या किमतीला धरायचा, हे सगळे प्रश्न सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यासमोरच उभे राहतात. ‘ऑर्डर रद्द’ असा एक शेरा टेबलात लिहून ते सुटत नाहीत.

म्हणून जमाखर्चाला आठ श्रेयांक (क्रेडिट) आणि कायद्याला चार श्रेयांक सक्तीचे असावेत, असा माझा प्रस्ताव आहे. आपली मते मांडावीत.

हिंजवडीतला प्रोग्रॅमर

सर, आपले उदाहरण खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक लागतात, आणि व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे 15 तास. आपले बारा श्रेयांक म्हणजे 180 तास झाले. भाषा, पर्यावरण, मूल्यशिक्षण यांचे श्रेयांक आधीच राखून ठेवलेले असताना हे तास शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क या विषयांतूनच काढले जातील, आणि मग सगळ्याची तोंडओळख असलेला, पण कशातही खोल न गेलेला पदवीधर तयार होईल.

मी नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. शेवटची एकच वस्तू शिल्लक असताना दोन ग्राहकांनी एकाच क्षणी बटण दाबले तर काय होईल, हे त्यांना सांगता येत नाही. यूपीआयचे पैसे खात्यातून गेले, उत्तर मात्र वेळेत आले नाही, म्हणून ग्राहकाने पुन्हा पैसे भरायला घेतले, तर एकाच ऑर्डरची रक्कम दोनदा कापली जाऊ नये यासाठी त्या मागणीला एकच ओळख-क्रमांक कसा द्यायचा, हेही ठाऊक नसते. हे नोकरीत शिकवायला महिने लागतात, कराचे नियम मात्र लेखापाल आठवड्यात समजावून देतो. शिवाय ते बदलत राहतात. ऑक्टोबर 2018 पासून असलेला एक टक्का टीसीएस जुलै 2024 मध्ये अर्धा झाला. पहिल्या वर्षी पाठ केलेला दर तिसऱ्या वर्षी चुकीचा ठरत असेल, तर त्यासाठी तास का द्यावेत?

सदाशिव पेठेतला लेखापाल

दर बदलतो म्हणून जमाखर्च बदलतो असे नव्हे. नावे आणि जमा या दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत, ही पद्धत 1494 साली व्हेनिसमध्ये छापली गेली आणि आजही तशीच आहे. आपण डेटाबेसचे जे तत्त्व सांगता, की व्यवहार पूर्ण झाला पाहिजे किंवा मुळीच झाला नाही असे धरले पाहिजे, तेच आम्ही वहीत पाळत आलो आहोत.

आठवड्यात समजावून देण्याबद्दल मात्र माझा अनुभव निराळा आहे. माझ्या एका अशिलाच्या दुकानासाठी तयार केलेल्या प्रणालीत परतीची नोंद करताना मूळ विक्रीची ओळच पुसली जात होती. मार्चअखेर बँकेचा ताळमेळ लावताना विक्री कमी आणि जमा झालेली रक्कम जास्त दिसू लागली, आणि जुन्या ओळीच नसल्यामुळे फरक कुठून आला हे शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले. प्रणाली करणारे तरुण हुशार होते. झालेली नोंद खोडायची नसते, उलट नोंद करायची असते, हे मात्र त्यांना कोणी शिकवले नव्हते.

वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, मूळची जुन्नरची

मला प्रवेशाच्या अटीबद्दल बोलायचे आहे, कारण सक्तीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. बारावीला मी पुस्तपालन व लेखाकर्म शिकले, पण गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेतला. आमच्या तालुक्यातल्या अनेक मुलींनी तसेच केले. अशा पदवीला बारावीचे गणित आवश्यक धरले, तर आमचा प्रवेशच बंद होतो. पुणे विद्यापीठाचा बीबीए (सीए), म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन, हा पूर्वी बीसीए म्हणून ओळखला जाणारा अभ्यासक्रम वाणिज्य शाखेतच वाढला, आणि त्यातून शिकलेले किती तरी जण आज प्रोग्रॅमर आहेत.

जमाखर्च सगळ्यांना सक्तीचा केला, तर मी झालेलेच पुन्हा शिकणार आणि विज्ञानाची मुले पहिल्यांदा शिकणार. त्यापेक्षा पहिल्या सत्रात आम्हाला गणित आणि त्यांना जमाखर्च असा पूरक वर्ग ठेवावा. संख्याशास्त्र आणि तर्काचे गणित पदवीत सक्तीचे असू द्या, त्याला माझा विरोध नाही. ते दारावर मागू नका, आत शिकवा.

लक्ष्मी रोडवरचा दुकानदार

मी पदवीधर नाही, पण साड्या ऑनलाइन विकतो. कायद्याचे चार श्रेयांक कोणी कमी करू नयेत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ग्राहकाच्या तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात तिचे निवारण करावे लागते. माझ्या संकेतस्थळावर तक्रार आल्याची वेळच नोंदवली जात नव्हती, मग मी 48 तास कुठून मोजणार?

कर्वेनगरचा शिक्षक (धागाकर्ता)

या शेवटच्या प्रतिसादातली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण तो नियम म्हणजे शेवटी टेबलातला एक रकाना आहे. कार्डाच्या बाबतीतही तेच झाले. ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे दुकानाला ग्राहकाचा कार्ड क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या क्रमांकाच्या जागी वापरायचा सांकेतिक क्रमांक, ठेवावे लागते. हे ज्याला माहीत नाही, त्याची रचना कितीही वेगवान असली तरी बेकायदा ठरते.

श्रेयांकांचा आक्षेप मात्र मी मान्य करतो. आठ श्रेयांकांचा आग्रह मी सोडतो. जुन्नरच्या ताईंनी सुचवलेला पूरक वर्ग पहिल्या सत्रात असावा, बारावीच्या गणिताची अट नसावी, आणि त्यानंतर जमाखर्च स्वतंत्र न शिकवता डेटाबेसच्या प्रयोगशाळेत चार श्रेयांकांचा असावा. प्रयोगाच्या श्रेयांकाला 30 तास मिळतात, म्हणजे 120 तास हाती येतात. तिथे विद्यार्थ्याने खातेवही स्वतः रचावी, दोन ग्राहकांची झटापट सोडवावी आणि परतीची उलट नोंदही करावी. हिंजवडीच्या मित्रांचे आणि लेखापालांचे, दोघांचेही म्हणणे त्यात येते. अखेरच्या परीक्षेत शंभर ऑर्डरी, काही परती आणि बँकेचे एक विवरण द्यावे, आणि ताळमेळ लागल्याशिवाय उत्तीर्ण करू नये, ही अट मात्र मी सोडणार नाही.

हिंजवडीतला प्रोग्रॅमर

अशी प्रयोगशाळा असेल तर माझा विरोध राहत नाही, आणि आपली परीक्षा मी मुलाखतीतही वापरेन. माझा प्रश्न एवढाच आहे की ती शिकवणार कोण? संगणकाच्या शिक्षकाला उलट नोंद येत नाही आणि वाणिज्याच्या शिक्षकाला डेटाबेस येत नाही. दोघांनी एकाच वेळी वर्गात उभे राहायचे ठरले, तर ते तास महाविद्यालय दोघांच्याही कार्यभारात धरणार आहे का?

कर्वेनगरचा शिक्षक (धागाकर्ता)

आज एकाच्याच कार्यभारात धरले जातात. पुढच्या बैठकीत मी अभ्यासक्रमाच्या आधी हाच मुद्दा मांडतो.