लांडग्यांच्या शिकारीला मुदतवाढ : विरोधाचे पत्र कशाच्या आधारे लिहावे?

मुलुंडकर : माझी बहीण अमेरिकेतील मोंटाना राज्यात राहते. तेथे लांडग्यांच्या परवानाधारक शिकारीच्या नियमांवर नागरिकांची लेखी मते मागवली जातात. हंगाम वाढवण्यास विरोध करणारा तिचा मसुदा मी वाचला, पण ‘लांडगा देखणा प्राणी आहे’ यापलीकडे त्यात फारसे काही नाही. गुरे मारली जातात, या आक्षेपाला काय उत्तर द्यावे?

दादरचा वाचक : देखणेपणा खुशाल वगळा. २०२१ साली मोंटानाने सापळ्यांचा हंगाम लांबवला, फासे लावण्यास मुभा दिली आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानालगतच्या क्षेत्रांतील कडक मर्यादाही उठवली. त्या हिवाळ्यात उद्यानातले वीसहून अधिक लांडगे हद्दीबाहेर पाऊल टाकताच मारले गेले. हे लांडगे प्रामुख्याने एल्क हरणांवर जगणारे. गोठ्यांशी त्यांचा संबंध तो काय? त्याच वर्षी अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यात परवानाधारकांसाठी ११९ लांडग्यांची मर्यादा होती, प्रत्यक्षात तीन दिवसांच्या आत २१८ मारले गेले, तेही फेब्रुवारीत, म्हणजे ऐन जोड्या जमण्याच्या काळात. मर्यादा कागदावर असते आणि बंदूक रानात, हे पत्रात आलेच पाहिजे.

सुप्याकडचा, सध्या डोंबिवली : मुंबईत बसून हे लिहिणे सोपे आहे. आमच्याकडे मेंढरे जाळीच्या वाड्यात कोंडून, कुत्री सोडून रात्र काढतात. तरी कोकरू जाते. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, त्याला कोणी हात लावत नाही, पण भरपाईसाठी पंचनाम्यामागे धावायचे मेंढपाळानेच. त्याची बाजू नसलेले पत्र मला अर्धवट वाटते.

दादरचा वाचक : मान्य, आणि विरोधाचा खरा आधार तिथेच आहे. हंगामी शिकारीत जो लांडगा समोर येईल तो मरतो. मेंढरू नेणारा तोच असेल याची खात्री कोणालाच नसते. कळपातील अनुभवी नर-मादी गेली, तर कळप फुटू शकतो. मारल्याने गुरांवरील हल्ले वाढतात, असा निष्कर्ष २०१४ मधील एका अभ्यासाने काढला होता, परंतु त्याच आकडेवारीच्या फेरतपासणीत तो टिकला नाही, म्हणून त्याचा आधार घेऊ नका. नुकसान झालेल्या ठिकाणी तपासणी, वेळेवर भरपाई, राखणीच्या कुत्र्यांसाठी व कुंपणासाठी मदत आणि उद्यानालगतची मर्यादा पूर्ववत, एवढ्या मागण्या स्पष्ट लिहाव्यात.

मुलुंडकर : मसुदा आज रात्रीच बदलायला सांगतो. भरपाईचा मुद्दा पहिल्या परिच्छेदात घेऊ.