पुढच्या चाकाचे बेअरिंग पुन्हा गेले

प्रश्न : आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग ११ हजार किलोमीटरमध्येच दुसऱ्यांदा गेले असून, उजवीकडे वळताना घरघर वाढते. आई-वडिलांना घेऊन चिपळूणला जायचे आहे; काय करावे?

उत्तर १ : उजव्या वळणावर भार डाव्या चाकावर येतो, त्यामुळे निदान योग्य वाटते. बेअरिंग हातोडीने ठोकून बसवले होते का? स्टिअरिंग नकलमध्ये (चाक धरून ठेवणाऱ्या धातूच्या भागात) बसवताना प्रेसचा, म्हणजे दाबून बसवणाऱ्या यंत्राचा, दाब बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावरच हवा. तो आतल्या कड्यावर पडला, तर गोळ्यांमधून जाऊन त्या ज्यावर फिरतात त्या धावपट्टीवर बारीक खळगे पाडतो.

प्रश्नकर्ता : होय, माझ्यासमोरच ठोकले.

उत्तर २ : मग तेच कारण असावे. नवे बसवताना नकलचे भोक आणि हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) झिजले आहेत का ते मोजून घ्या, एक्सलचा नट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळायला सांगा आणि तोपर्यंत घाटात जाऊ नका.