शब्दचर्चा: पिकअप 'ओढतो' की 'पेलतो'? फिफ्थ व्हीलसाठी मराठी शब्द हवेत

टेक्सासची वाटसरू

निवृत्तीनंतर वर्षभर फिरतं घर घेऊन अमेरिका बघायची असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. घर म्हणजे फिफ्थ व्हील ट्रेलर, पुढचं टोक पिकअपच्या हौद्यात अडकवून ओढायचा, भरल्यावर जास्तीत जास्त १४,००० पौंड, म्हणजे सुमारे ६,३५० किलो. ते ओढायला पिकअप ट्रक घ्यायचा आहे. आमच्यासारख्याच बेतात असलेल्या इथल्या मराठी मंडळींसाठी मी टिपण लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडले. 'फिफ्थ व्हील'ला 'पाचवं चाक' लिहिलं, तर नवऱ्याने विचारलं, "म्हणजे स्टेपनी?" शिवाय 'टोइंग कपॅसिटी', 'पेलोड', 'पिन वेट' यांना काय म्हणायचं? 'ओढण्याची क्षमता', 'भार', 'वजन' असं लिहिलं की तिन्ही एकसारखे वाटतात.

जुना शब्दकोश

ताई, नवऱ्याचं बरोबर आहे. मराठीत गाडीचं पाचवं चाक म्हणजे स्टेपनीच. तो शब्दही गावाच्या रस्त्यावरून आलेला आहे. वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा धंदा सुरू झाला. तिकडे नाव मागे पडलं, आपल्याकडे टिकलं.

'फिफ्थ व्हील'मधलं चाक मात्र रस्त्यावर धावणारं नाही. चार चाकी घोडागाडी वळावी म्हणून पुढच्या आसावर एक चाक आडवं, चक्रीसारखं बसवायचे. पुढची दोन चाकं त्याच्या आधाराने फिरायची. चार उभी चाकं आणि हे पाचवं आडवं. मोटारी आल्यावर तीच जागा ट्रेलर अडकवायच्या प्लेटने घेतली आणि नाव तसंच राहिलं. म्हणून भाषांतर करू नका, 'फिफ्थ व्हील'च ठेवा. फार तर पहिल्यांदा 'वळती प्लेट' असा खुलासा द्या.

उरणचा

न्हावाशेवाला कंटेनरचा ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला हीच प्लेट असते. ट्रेलरखालची किंगपिन त्या प्लेटच्या खाचेत जाऊन लॉक होते. दोन इंची पिन तिकडच्या घरांनाही आणि इकडच्या बऱ्याच कंटेनर ट्रेलरनाही. आमचे ड्रायव्हर पुढच्या इंजिनवाल्या भागाला 'घोडा' म्हणतात. घोडा वेगळा, ट्रेलर वेगळा. तुमचा पिकअप म्हणजे घोडाच झाला.

'पिकअप' शब्द मात्र जपून वापरा. इकडे पिकअप म्हणजे भाजी मार्केटला जाणारी बोलेरो. आणि 'गाडीला पिकअप नाही' म्हटलं तर गाडी चटकन वेग घेत नाही. तिसरा अर्थ वाचकाला सांगावा लागेल.

कोल्हापूरकर

'टोइंग'ला शब्द आहे की: टोचन. बंद पडलेली गाडी आपण टोचन करून आणतो. 'टो-चेन'वरून आला असं सांगतात, आणि ते पटतं. 'टोचणे'शी त्याचा संबंध नाही.

टेक्सासची वाटसरू

टोचन मलाही सुचला होता, पण बंद गाडी साखळीने ओढताना मागच्या गाडीचं सगळं वजन तिच्याच चाकांवर असतं. फिफ्थ व्हीलचं तसं नाही. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भाग पिनमधून ट्रकवरच बसतो. आमच्या ट्रेलरचे २० टक्के धरले तर २,८०० पौंड, म्हणजे १,२७० किलो. ट्रक फक्त ओढत नाही, उचलूनही धरतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात ओढण्याचा आकडा असतो, आणि उचलण्याचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर. माझं टिपण मुळात त्या स्टिकरसाठी आहे.

कोल्हापूरकर

मग तर आपल्याकडे पक्के शब्द आहेत, आणि ते शेतातच सापडतील. चार चाकी ट्रॉलीला ट्रॅक्टर फक्त ओढतो. दोन चाकी ट्रॉलीत मात्र पुढचा भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. त्याआधी बैलगाडी. भार पुढे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर बसतं, मागे जास्त झाला की जू वर उचलतं. त्याला आम्ही गाडी उलाळ झाली म्हणतो. उलाळ गाडीचा बैलांनाही त्रास आणि गाडीवानालाही. ट्रेलर मागे जड भरला तर तुमच्याकडेही तसंच होत असणार.

टेक्सासची वाटसरू

दादा, हा शब्द मी चाळीस वर्षांनी ऐकला. आजोळी ऐकायचे. आणि अगदी चपखल आहे! ट्रेलर मागे जड झाला की पुढचा भार हलका होतो आणि महामार्गावर ट्रेलर शेपटीसारखा झुलायला लागतो. मागच्या बंपरजवळच्या गोळ्यावर अडकवलेल्या ट्रेलरला हा धोका फार, फिफ्थ व्हीलला कमी. 'ट्रेलर उलाळ भरू नका' एवढ्या चार शब्दांत परिच्छेद संपला.

जुना शब्दकोश

मग 'पिन वेट'ला 'जूभार' म्हणावं का?

उरणचा

नाही पटत. जू मानेवर असतं, गाडीच्या पुढे. फिफ्थ व्हीलची प्लेट पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे बसते. भार मानेवर नाही, पाठीवर येतो. बंपरच्या गोळ्यावरचा भार म्हणा फार तर शेपटीवरचा. 'पाठीवरचा भार' लिहा. समास करायची गरजच नाही.

आणि 'पेलोड'ला शब्द आमच्या धंद्यात रोज असतो: पासिंग. "गाडी किती टन पासिंग?" म्हणजे कायद्याने किती माल घालता येतो. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, उरतं ते पासिंग. तुमच्या दारावरचं स्टिकर म्हणजे पासिंगचाच आकडा.

जुना शब्दकोश

'पासिंग' इंग्रजीच आहे, पण अर्थ आपण घडवलेला आहे. इंग्रजी माणसाला तो कळणार नाही, मराठी ड्रायव्हरला 'पेलोड' कळणार नाही. माझं मत पासिंगला.

टेक्सासची वाटसरू

मीही पासिंगच घेते. एक शंका राहिली. इथे ट्रकना 'हाफ टन', 'थ्री-क्वार्टर टन', 'वन टन' म्हणतात. एके काळी ते खरंच वाहण्याचं वजन होतं. आता ते फक्त वर्गाचं नाव उरलं आहे, कारण हाफ टनवाल्या ट्रकचं पासिंगही अर्ध्या टनापेक्षा जास्त असतं. 'अर्धा टनी ट्रक' लिहिलं तर वाचक ५०० किलो समजेल.

उरणचा

तर नाव म्हणूनच ठेवा, भाषांतर नको. आपल्याकडे टाटा एसला 'छोटा हत्ती' म्हणतात, पण म्हणून कोणी त्यात हत्तीचं वजन घालत नाही.

टेक्सासची वाटसरू

सगळ्यांचे मनापासून आभार. काल इथल्या एका दुकानात गेलो होतो. विक्रेता थ्री-क्वार्टर टनवाला डिझेल ट्रक दाखवत होता आणि ओढण्याचाच आकडा सांगत होता. मी दार उघडून स्टिकर वाचलं. डिझेलचं इंजिन ताकदवान असतं, पण जडही असतं, त्यामुळे तेवढंच पासिंग कमी होतं. हे मला आधी माहीत नव्हतं. तिथेच हिशेब केला आणि टिपणात असा उतरवला. वाचून सांगा, ओघात येतंय का:

"आपल्या घराचा पाठीवरचा भार २,८०० पौंड. प्लेट आणि तिची चौकट १५० पौंड. आपण दोघं, अवजारं आणि कुत्रा मिळून ५५० पौंड. एकूण ३,५०० पौंड. स्टिकरवरचं पासिंग २,२०० पौंड. हा ट्रक हे घर ओढेल, पण पेलणार नाही. वन टनवाला बघा, जमलं तर मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेला. आणि निघण्याआधी सामान भरून, सगळे आत बसून, एकदा भुईकाट्यावर जा."

कोल्हापूरकर

ताई, 'भुईकाटा' ठेवलात, फार बरं वाटलं. फक्त 'उलाळ'ची ओळ राहिली, ती सामान भरण्याच्या भागात घाला.